अर्धा धवला

नेरूळ
४ डिसेंबर २०२३

ती. पुतळाताईस,
अंकुशचा सा. न. वि. वि.

तू माझा फोन उचलणार नाहीस, काय ते लिहून कळवायचं, असा निरोप जागृतीकडून मिळाला. बोलण्यात मामा जिंकतो, लिहिताना तरी माणूस दोनदा विचार करतो, असं तू लेकीला म्हणालीस म्हणे. पहिलं खरं आहे. दुसरं तू माझी पुस्तकं वाचून म्हटलेलं दिसत नाही. असो. तू जासईला, मी नेरूळला, मध्ये खाडी आणि न्हावा शेव्याचे रांगेत अडकलेले ट्रेलर. तेव्हा पोस्टानेच भांडू. तुझ्या शिव्या चार दिवस उशिरा पोचतील, तेवढीच माझी प्रकृती सुधारेल.

बातमी तू अर्धी ऐकूनच फोन आपटलास (मोबाइल आपटता येत नाही अशी माझी समजूत होती), म्हणून पुन्हा सांगतो. माझ्या 'उसना मांडव' कादंबरीवर वेब सिरीज निघते आहे. होय, तीच कादंबरी. आपल्या सारसोळे गावात ती तिघांनी वाचली, आणि त्यातल्या दोघांनी आपलं नाव कुठे आलंय का तेवढंच पाहिलं.

बेलापूरच्या एका काचेच्या इमारतीत मला बोलावलं होतं. दिग्दर्शक शिवतेज नावाचा मुलगा आहे. एका वाक्यात तो मला सर म्हणतो, दुसऱ्यात ब्रो. पुस्तक त्याला फार आवडलं आहे. कुणीतरी काढून दिलेला चार पानी सारांश त्याने दोनदा वाचला आहे. धवलारीण म्हणजे नक्की काय, असं त्याने विचारलं. मी सांगितलं की आमच्या आगरी-कोळ्यांत लग्न भटजीच्या पोथीवर लागत नसे, धवलारणीच्या गळ्यावर लागे. ती मांडवात बसून धवले गाते, त्यात नवरा-नवरीची नावं गुंफते, आणि धवला पुरा झाला की लग्न झालं. आमची आई सुमित्राबाई जन्मभर हेच करत आली. ऐकून त्याचे डोळे भरून आले. मग म्हणाला, हे इतकं युनिव्हर्सल आहे की आपण गावाचं नाव काढून टाकू या.

मी काढू दिलं. माझी नायिका साठीची धवलारीण, भागाबाई. त्यांनी नायिकापद नवरीला दिलं, कारण साठीच्या बाईचं पोस्टर चालत नाही म्हणे. तेही दिलं. माझ्या पुस्तकात लोक खाडीच्या चिखलातले मासे, निवट्या खातात. निवटी कॅमेऱ्यात गटारातली दिसते, म्हणून पापलेट. घ्या म्हटलं. पुस्तकाशी इमान राखायचं म्हणजे वाक्याला वाक्य जुळवायचं, असं मानणारा मी नाही. लुगडं बदललं तरी बाई तीच राहते. पण ज्या एका गोष्टीसाठी पुस्तक लिहावं लागलं, ती पडद्यावर जिवंत पोचली पाहिजे. माझ्या पुस्तकातली ती गोष्ट तुला माहीत आहे. नवरी मनाविरुद्ध मांडवात बसली आहे, रडते आहे, आणि भागाबाई धवला म्हणता म्हणता मध्येच थांबते. लग्नच थांबतं. पानभर नुसती शांतता.

त्या थांबण्याला हात लावायचा नाही, ही माझी अट. आणि तिथे आवाज खऱ्या धवलारणीचा हवा, ही दुसरी. म्हणून आई. तेवढ्या एका प्रसंगापुरती भागाबाई तीच होणार. ती नको म्हणेल अशी तुझी आशा असेल. तिने फक्त नथ घालायला मिळेल का ते विचारलं, आणि मांडव खरा घाला, उंबराच्या फांदीसकट, एवढंच बजावलं.

आता खुशाल रागव. पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
अंकुश


॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

जासई, ता. उरण
१२ डिसेंबर २०२३

चि. अंकुश यास,
पुतळाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझं पत्र वाचून यांनी विचारलं की मेव्हण्याने माफी मागितली का. मी म्हटलं, जाहिरात केली.

आधी माझी बातमी ऐक, तू तर विचारलीच नाहीस. जागृतीचं जमलं. मुलगा तेजस, दिवाळे गावचा, पोर्टात कस्टम एजंटाकडे नोकरीला. थोरल्या भावाचं आधी उरकायचं म्हणून लग्न पुढल्या वर्षानंतर. मंडळींनी गाडी मागितली नाही, फ्लॅट मागितला नाही. विहीणबाई एवढंच बोलल्या की माझ्या लग्नात सुमित्राबाईंचा धवला होता, माझ्या पोराच्या लग्नात तोच पाहिजे. मला काय वाटलं ते तुला कळणार नाही. तुला कळायला ते आधी छापून यावं लागतं.

म्हणून सांगते, आईला तिकडे नेऊ नकोस. धवला शोभेसाठी म्हणायचा नसतो. लहानपणी ओसरीवर बाहुला-बाहुलीच्या लग्नात तू आईची नक्कल करत धवला सुरू केलास, तेव्हा तिने काय केलं ते आठव. धपाटा घातला, आणि मग बाजूला बसून त्या चिंध्यांच्या बाहुल्यांसाठी सबंध धवला स्वतः म्हणून संपवला. सुरू केला की पुरा करायचा. अर्धा टाकला तर नवरी ना माहेरची ना सासरची. हे तिचं नाही, तिच्या आधीच्यांचं.

आणि तुझ्या सिनेमाला नेमकं ती मध्येच थांबायला हवी! हा विचार केलास का? कुठून करणार. तुझं सगळं लक्ष पानभर शांततेकडे. माझ्याकडे ये शांतता बघायला, दुपारी लाइट गेली की असते.

भागाबाई थांबते ते पान मीही वाचलं आहे. दोनदा. त्यावर कधीतरी बोलू. नाही बोललो तरी चालेल.

माझ्या भावजयीला, ईश्वरीला आशीर्वाद. तुझ्यावरचा जीव काढून घेता येत नाही म्हणून आहे तिथेच ठेवला आहे.

तुझी,
पुतळाताई


नेरूळ
२१ जानेवारी २०२४

ती. पुतळाताईस,
सा. न. वि. वि.

झालं. आई सुखरूप आहे, उलट चार दिवस तिला सारसोळ्यात पाय ठेवायला जागा नाही इतकी ती फुगली आहे. बातमी दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून येण्याआधी माझ्याकडून घे. तिखट माझंही असतंच, पण घरचं.

उलव्याकडच्या एका मैदानात गाव उभारला होता. आपल्या गावापेक्षा स्वच्छ. भाषा शिकवायला एक तरुण ठेवला होता. त्याला एकच गोष्ट ठाऊक, की आगरी माणूस प्रत्येक वाक्याच्या शेवटी हाय म्हणतो. त्यामुळे नायक प्रेमाने बोलायला लागला की धाप लागल्यासारखं वाटे. आईने उंबराची फांदी पाहिली, ती प्लास्टिकची निघाली. मग तिने सगळ्या युनिटला उभं केलं, आणि खरी फांदी येईपर्यंत कॅमेरे, दिवे, चाळीस माणसं तशीच उन्हात. शिवतेजने मला बाजूला घेऊन विचारलं की सर, आजी नेहमीच अशा असतात का. मी म्हटलं, आज त्यातल्या त्यात गोड आहेत.

तांदळाचा चौक तिने स्वतः भरला. मग नवरीला नाव विचारलं. पोरीने सिरीजमधलं नाव सांगितलं. आईने ते झटकलं, बापाने ठेवलेलं सांग म्हणाली. ती मोनाली. नवऱ्याचं काम करणाऱ्याचं नाव अभय. आईने तीच नावं धवल्यात घातली. भाषावाल्या पोराने हरकत घेतली तेव्हा त्याला विचारलं, की मांडवात ही दोघं बसलीत आणि लगीन काय तुझ्या कागदाचा लावू?

ठरल्या जागी शिवतेजने हात वर केला. थांबण्याची खूण. आईचे डोळे मिटलेले. त्याने दोन्ही हात हलवले. साहाय्यकाने टॉवेल हलवला. आई पुढे. जिथे माझं पुस्तक थांबतं ते वळण ती अशी पार करून गेली, जणू कोपऱ्यावर ओळखीचं कुणी राहतच नाही. सगळा धवला पुरा केला, तांदूळ टाकले, दोघांना पाया पडायला लावलं आणि आशीर्वाद दिला. मोनाली खरीच रडत होती.

मग शिवतेजने पुन्हा एकदा करू म्हटलं. आईने विचारलं कशाला. त्याने टेक समजावून सांगितला. आई म्हणाली, पोरांनो, लगीन लागला, आता परत कसा लावू, ह्यांच्यातला एक मेला तरच. अभयने भीत भीत सांगितलं की त्याची एक बायको अंधेरीला आहे. आईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, मग तुझा तू निस्तर. अख्खं मैदान हसलं. मीही.

माझं थांबणं हुकलं, ते दुःख वेगळं. शिवतेज म्हणतो काळजी करू नका, एडिटमध्ये सांभाळू. आईला व्हॅनमध्ये बसवून जेवायला घातलं. येताना गाडीत ती विचारत होती की मोनालीचं माहेर कुठलं.

धपाटे कमी घाल. मी तुझाच आहे.

अंकुश


॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

जासई
२ फेब्रुवारी २०२४

चि. अंकुश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं, हसता हसता ठसका लागला. आईने धवला पुरा केला, माझ्या मनावरचं ओझं उतरलं. दिवाळ्यापर्यंत गोष्ट पोचली आहे. विहीणबाई जिथे तिथे सांगतात की हिरोइनीचं लग्न लावणारी धवलारीण आमच्या सुनेची आजी. जागृतीने अभयच्या खऱ्या बायकोचा फोटो शोधून आजीला पाठवला. आजी म्हणाली, बरी हाय, पन पहिली म्हनून मान तिचा.

तू तुझ्या पानासाठी सुतकात बसू नकोस. आईला कधी कुणी थांबवलं आहे?

एक विचारायचं राहिलं. एडिटमध्ये सांभाळू म्हणजे ते नेमकं काय सांभाळणार?

ओल्या काजूगरांच्या दिवसांत ये. तोंडी भांडलेलं बरं, हात दुखतो.

पुतळाताई


नेरूळ
१८ नोव्हेंबर २०२४

ती. पुतळाताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. नऊ महिने उशिरा, पण बाळ आलं.

सिरीज शुक्रवारी आली. सारसोळ्यात आपल्या घरी टीव्हीपुढे अर्धी आळी जमली होती. आईला मध्ये खुर्ची, अंगावर चित्रीकरणातलंच लुगडं. खाडी म्हणून निळंशार पाणी दाखवलं, त्यावर ड्रोन. आपल्या खाडीला इतकं निळं काही सापडलं तर लोक प्रदूषण मंडळात तक्रार करतील. नायिका कोयता घेऊन नाचते. बापाचं काम करणारा मिठागरात उभा राहून शहरीकरणावर भाषण देतो, पायात बूट. हे सगळं मी गिळलं. सुकी मासळी करताना ताज्यातलं पाणी जातं आणि मासा राहतो, याला मी हरकत घेणारा नव्हे. पण ह्यांनी पाणी ठेवलं आणि मासा फेकला.

मग मांडव आला. आईचा आवाज आला आणि घर गप्प झालं. तीन ओळी. ताई, काय आवाज आहे ग तिचा. आणि चौथ्या ओळीच्या मध्यावर कात्री. आईचा चेहरा मोठ्ठा, तोंड उघडं, ओठ संथ हलतायत, आवाज नाही. मोनालीच्या गालावरून थेंब. आणि त्या शांततेत, ज्या शांततेसाठी मी माझं गाव, माझी नायिका आणि माझ्या निवट्या दिल्या, त्या शांततेत एक व्हायोलिन. ते अजून वाजतंय माझ्या डोक्यात.

समीक्षक खूश आहेत. एकाने लिहिलं की पुस्तकातलं मौन पडद्यावर आणणारं हे दुर्मीळ माध्यमांतर. त्याला कळवणार होतो की बाबा, हे मौन नव्हे, ही म्हातारीच्या तोंडावर ठेवलेली उशी आहे. पण त्याने माझं नाव बरोबर छापलं होतं, म्हणून धीर झाला नाही.

आता मुद्द्याचं. आईने शांतपणे विचारलं की मना कोनी थांबवला. मी एडिटिंग समजावून सांगितलं, तू पूर्ण गायलीस, आम्ही सगळे साक्षीला आहोत म्हटलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुमी चाळीस जनांनी पुरा आयकला, आनि आख्ख्या जगाने अर्धा. मग कुठला खरा? आणि आत जाऊन लुगडं बदललं.

दुसऱ्या दिवशी करावे गावचे लोक लग्नाचं सांगायला आले, त्यांना तिने परत पाठवलं. म्हणते, अर्धा धवला घशात अडकलाय, तो बाहेर निघाल्याशिवाय दुसरा येनार नाय. त्या दोघांना आणा, उरलेला म्हणते. मी मोनालीला फोन केला. ती लखनौला शूटिंगला आहे. तिने आजीसाठी बदाम पाठवले, मोबाइलवरचे.

जागृतीच्या लग्नापर्यंत ती वळेल. वळायलाच हवी. तू येऊन बोल.

अंकुश


॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

जासई
१ डिसेंबर २०२४

अंकुश यास,
आशीर्वाद.

आई वळो न वळो, आता त्याची गरज उरलेली नाही. काल विहीणबाई पेढे घेऊन आल्या. पेढे घेऊन कुणी आलं की मला आता भीती वाटते. खूप गोड बोलल्या. म्हणाल्या, सुमित्राबाई आमाला देवासारख्या, पन दिवाळ्यात घरोघरी मोबाइलवर तो अर्धा धवला बघितलाय. बाया बोलतात, तिच्या हातून नवरी अर्धी राहिली, आमच्या पोराला अशी धवलारीन कनाला? मी सांगितलं की अहो तो पुरा झाला होता, माझा भाऊ तिथे होता. त्या म्हणाल्या, भावानेच तर लिवलंय पुस्तकात, की ती थांबली.

यावर काय बोलणार? तूच सांग, तुला लिहिता येतं.

धवलारीण त्या त्यांच्या ओळखीची आणणार. आईला मी अजून सांगितलेलं नाही. जागृतीला सांगितलं. आजीचा धवला नसेल तर कोर्टात जाऊन सही करते म्हणाली, दार लावून घेतलं आणि मग जेवायला बाहेर आली.

तू तुझ्या शिवतेजवर चिडलायस, त्याने तुझं पुस्तक बिघडवलं म्हणून. माझंही एक ऐकून घे, इतकी वर्षं पोटात आहे. तुझ्या पुस्तकातली मनाविरुद्ध बसलेली नवरी कोण ते आळीत कुणाला कळलं नाही, मला पहिल्या ओळीत कळलं. डी.एड.ला माझा नंबर लागला होता. तू आठवीत होतास, मांडवाच्या खांबाला धरून उभा होतास आणि मी रडत होते. आईने माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि धवला शेवटपर्यंत म्हटला. एक ओळ गाळली नाही.

तू पुस्तकात तिला थांबवलंस. किती लोकांनी बाहेरगावाहून येऊन आईच्या पाया पडून सांगितलं की काय धीराची बाई तुम्ही. ती हसून घ्यायची. मी चहा द्यायचे. तिने न केलेल्या गोष्टीची माळ तिच्या गळ्यात, आणि जिच्यासाठी केली नाही ती ट्रे घेऊन उभी. शिवतेजने एका म्हातारीचा आवाज कापला. तू माझं अख्खं लग्न कापलंस आणि तिथे शांतता भरलीस. पानभर.

आमचे हे वाईट नाहीत, तुला माहीत आहे. वाईट असते तर निदान कादंबरीत तरी आले असते.

उत्तराची घाई नाही.

पुतळा


नेरूळ
१५ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न.

तुझ्या पत्राचा जो भाग माझ्याबद्दल आहे त्याला तीन वेळा उत्तर लिहिलं. पहिल्यात मी म्हटलं होतं की कादंबरी म्हणजे पंचनामा नव्हे. दुसऱ्यात हेच जास्त सुंदर शब्दांत होतं. तिसरं फाडायलाही लाज वाटली नाही इतकं वाईट होतं. आजवर माझ्या पुस्तकावर आलेलं सर्वांत खरं परीक्षण तू लिहिलंस, आणि ते छापता येणार नाही, एवढंच म्हणतो.

बाकी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. शिवतेजला भेटलो. संपूर्ण धवला दाखवा, जगाला कळू दे की म्हातारीने तो पुरा केला, असं सांगितलं. त्याने फार मनापासून ऐकलं. मग म्हणाला की चित्रीकरणाच्या गमतीजमतींमध्ये तीस सेकंद टाकता येतील, टॉवेल हलवतात तो भाग फनी आहे. मी उठलो. तो दारापर्यंत सोडायला आला आणि दुसऱ्या सीझनमध्ये नवरी कुठे जाते यावर माझ्याकडे काही आहे का ते विचारलं.

दिवाळ्यालाही जाऊन आलो. विहीणबाईंनी चहा दिला, बोंबील दिले, तेजस शेजारी मान खाली घालून बसला. मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. त्यांना पटलंसुद्धा. पटूनही त्या म्हणाल्या, दादा, तुमी बोलता ते खरा असेल, पन आमी डोल्यांनी बघितलाय. मी आयुष्यभर लिहीत आलो, ताई. डोळ्यांनी बघितलेल्यापुढे माझं काही चालत नाही, हे कळायला चहाबरोबर बोंबील खावे लागले.

आईला मीच सांगितलं. तिने विचारलं, कुठली आननार. उरणची म्हटल्यावर, राजाबाई असेल, बरा गाते, एवढं बोलून निवडायला घेतलेली मेथी पुढे ओढली.

मामा म्हणून पाठीशी उभं राहायला येईन. येऊ दिलंस तर.

अंकुश


॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

जासई
२७ फेब्रुवारी २०२५

चि. अंकुश यास,
पुतळाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मांडव उतरला, पाहुणे गेले, हळदीच्या डीजेने कानात भरलेलं अजून निघालं नाही. हळदीला दिवाळेकरांनी तुझ्या सिरीजमधलं ते व्हायोलिनचं गाणं लावून नाच केला, तू बाहेर जाऊन उभा राहिलास ते मी पाहिलं. जी म्हातारी मांडवात चालत नाही तिच्याच घशावरचं गाणं पायाला चालतं. असू दे.

तू लग्नात होतास, पण मामा म्हणून जागृतीच्या पाठीमागे. तुला सगळ्यांच्या पाठी दिसल्या असतील. पुढून काय झालं ते माझ्याकडून घे.

राजाबाई आली ती तोऱ्यात. चौकाजवळ बसली, पदर सारखा केला, तांदूळ हातात घेतले आणि मान वर केली तर समोर आई. आईने तिच्याकडे बघितलंही नाही, ती पानाचा देठ खुडत होती. राजाबाईने तांदूळ परत ताटात ठेवले. विहीणबाईंना म्हणाली, जिच्या मांडीला मांडी लावून शिकले, ती बसलेली असताना तिच्या नातीचा धवला मी म्हनू? मना नाय जमाचा. आणि उठली. विहीणबाईंनी हात जोडले, तेजसच्या काकाने आवाज चढवला, ती ढिम्म. मग सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, घशाला हात लावून. मुहूर्तापुरता बोलावलेला भटजी घड्याळ बघायला लागला. कुणीतरी म्हणालं मोबाइलवर लावा, आणि अंकुश, खरंच एकाने शोधायला घेतला. त्यात काय सापडणार होतं? तीन ओळी आणि व्हायोलिन.

मी काय विचार केला ते विचारू नकोस, केला नाही. नवरीच्या आईने धवला म्हणायचा नसतो, तिने रडायचं असतं. मी जाऊन आईच्या शेजारी बसले आणि सुरू केलं. माझ्या लग्नापासून मी एकदाही धवल्याला तोंड लावलं नव्हतं, आईने शिकवायला बोलावलं तरी नाही. पण कान कुठे ठेवणार? दुसऱ्या कडव्यालाच चाल घसरली, वर जायचं तिथे मी खाली गेले. मधली गणगोताची ओळ आठवेना, तिथे मी मनाची घातली, जागृतीची आणि तेजसची नावं घालून. आईने सांगितली नाही. तिला येत होती, शेजारी बसून तिने सांगितली नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला, रडू की हसू कळलं नाही.

मग ती जागा आली. जिथे आईने माझ्याकडे बघितलं होतं, आणि जिथे तू भागाबाईला थांबवलंस. मी जागृतीकडे बघितलं. नीट बघितलं. खरं सांगते, तेव्हा माझा आवाज जाणारच होता, तुझं पुस्तक माझ्या तोंडाशी आलं होतं. आणि ती येडी बाशिंगातून तेजसकडे बघून दात काढत होती. मग काय करणार? पुढची ओळ घेतली. शेवटपर्यंत गेले. तांदूळ टाकले.

रात्री सगळे निजानीज झाल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आज तरी बोलेल. त्या दिवशी का थांबली नाही, ते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच जागी उभ्या होतो. ती आधी पाय चोळत बसली. मग म्हणाली, चाल चुकलीस पोरी, पन लगीन लागला. आणि झोपली.

एवढंच. माझ्या लग्नाबद्दल ती काही बोलली नाही, बोलणारही नाही. मीही आता विचारायची नाही. पण ते तिचं वाक्य तू तुझ्या शिवतेजला सांग, फुकट दे. ओळी विसरल्या, मनाच्या घातल्या, सूर खाली गेला, आणि तरी माझी पोर आज तिच्या घरी नांदते आहे. त्याने एकही सूर चुकू दिला नाही, आणि त्याच्या मांडवात लग्न कुणाचंच लागलं नाही.

आई अजून माझ्याकडेच आहे, अजून गात नाही. परवा करावेकर पुन्हा आले, इथवर, ते तिला नाही, मला धवल्याचं विचारत होते. तिने ऐकलं आणि उठून आत गेली. मी त्यांना हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. या वयात काय तो डी.एड. करायचा.

ईश्वरीला आशीर्वाद. फोन आता उचलेन.

आणि हे सगळं तू एक दिवस लिहिणार, मला ठाऊक आहे. लिही. नावं बदल, गाव बदल, मला गोरी कर हवी तर. फक्त या खेपेला मला थांबवू नकोस.

तुझी,
पुतळाताई